वसल कोणाला म्हणावे? : अपमानाच्या प्रसंगी धम्माचे माप



नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या घरी गेले की एक प्रश्न हमखास निघतो. विचारणारी बहुधा घरातली म्हातारी आई असते, नाहीतर नुकतेच कॉलेजात जाऊ लागलेले मूल असते. "बाई, आम्ही देव्हारा उठवला, त्रिशरण-पंचशील घेतले, नातवांची नावे बदलली. पण गाव कुठे बदलला? तो पूर्वी जसा बोलायचा तसाच आजही बोलतो. मग बदलले काय?"

प्रश्न खरा आहे. "हळूहळू सर्व ठीक होईल" असे गुळमुळीत उत्तर मी देत नाही. आपल्या दीक्षेने गावाचे मन बदलत नाही, कारण दीक्षा आपण घेतलेली असते, गावाने घेतलेली नसते. मग दीक्षेने बदलते काय? माझ्या समजुतीप्रमाणे माणसाला मोजण्याचे माप बदलते. ही गोष्ट नीट उमगावी म्हणून आज आपण सुत्तनिपातातील वसलसुत्ताचा अभ्यास करू. हे सुत्त लहान आहे, आणि आपल्याला फार जवळचे आहे. कारण हीन ठरवून दारातून हाकलला जाणारा मनुष्य त्यात दुसरा कोणी नसून स्वतः तथागत आहेत.

प्रसंग श्रावस्तीचा. भगवान त्या वेळी जेतवनात, अनाथपिंडिकाच्या आरामात राहत होते. सकाळी चीवर नेसून व पात्र घेऊन ते भिक्षेसाठी नगरात निघाले आणि घरोघर भिक्षा घेत अग्गिक भारद्वाज नावाच्या ब्राह्मणाच्या घराजवळ आले. नावाप्रमाणेच हा अग्निपूजक. घरात अग्नी पेटलेला, आहुतीची सिद्धता झालेली. अशा सोवळ्याच्या वेळी समोरून मुंडन केलेला भिक्षू येताना दिसला आणि ब्राह्मणाचा तोल गेला. 'मुंडक', 'समणक', 'वसलक' अशा तीन हाका मारून त्याने तथागतांना दुरूनच, जिथल्या तिथे थांबायला बजावले.

या तीन शब्दांकडे जरा लक्ष द्या. 'मुंड' म्हणजे मुंडन केलेला, 'समण' म्हणजे श्रमण, आणि 'वसल' म्हणजे संस्कृतातील वृषल, नीच, चारचौघांत न घेण्याजोगा मनुष्य. पण ब्राह्मण नुसते तेवढे म्हणत नाही. प्रत्येक शब्दाला तो 'क' जोडतो. पाली भाषेत हा 'क' पुष्कळदा तुच्छता दाखवण्यासाठी लागतो. मराठीत याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज आहे काय? आपल्या आज्या-पणज्यांना तो चांगला ठाऊक होता. सत्तर वर्षांच्या तुकारामाला सावकाराचे सात वर्षांचे पोर "ए तुक्या" म्हणून हाक मारी आणि म्हातारा "जी" म्हणे. सखाराम 'सख्या' होई, भिवाजी 'भिव्या' होई. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात शूद्राचे नाव निंदा दाखवणारे असावे असा नियमच घातलेला आहे. कचरू, धोंडू, दगडू ही नावे आपल्या वस्त्यांतून का भरलेली असत, याची थोडीफार कल्पना त्यावरून येते. (मूल जगावे म्हणूनही अशी नावे ठेवीत, हे खरे. पण सावकाराच्या वाड्यात मूल जगावे म्हणून किती कचरू होते, ते विचारा.) एका अक्षराने माणूस कसा लहान करता येतो, हे अग्गिक भारद्वाजाला ठाऊक होते आणि आपल्या गावालाही ठाऊक होते.

आता तथागतांनी काय केले ते पाहू. त्याआधी त्यांनी काय केले नाही, ते पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

ते निमूटपणे मागे फिरले नाहीत. त्यांनी उलट शिवी दिली नाही. ही दोन्ही गोष्टी पुष्कळ जण सांगतात. परंतु तिसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. तथागत जन्माने शाक्यकुळातील क्षत्रिय होते. "मी वसल नव्हे, मी शाक्यांच्या घरचा आहे," एवढे एकच वाक्य त्यांनी उच्चारले असते तर ब्राह्मणाचा स्वर तत्काळ बदलला असता. ते वाक्य त्यांनी उच्चारले नाही. का नाही? कारण ते उच्चारताच जन्माचे माप त्यांनी मान्य केले असते. "माझ्या बाबतीत तुझी चूक झाली, खरे वसल दुसरे आहेत," असा त्याचा अर्थ झाला असता. ज्या शिडीच्या खालच्या पायरीवर आपल्याला उभे केले आहे, त्याच शिडीवर दोन पायऱ्या वर असल्याचा दाखला काढून दाखवणे म्हणजे ती शिडी पक्की करणे होय.

त्याऐवजी तथागतांनी ब्राह्मणाला एक प्रश्न विचारला. वसल कोणाला म्हणतात आणि कोणत्या गोष्टींनी मनुष्य वसल होतो, हे तुला ठाऊक आहे काय? हा प्रश्न त्यांनी शांतपणे विचारला आहे, पण तो मऊ मुळीच नाही. शब्द वापरणाऱ्याने शब्दाचा अर्थ सांगावा, अशी ती मागणी आहे. अग्गिक भारद्वाज, त्याच्या श्रेयाची गोष्ट ही की, ठाऊक नसल्याचे कबूल करतो आणि सांगण्याची विनंती करतो. मग तथागत एकामागून एक वसलाची लक्षणे सांगतात.

ती यादी घरी संपूर्ण वाचा. येथे थोडीच सांगते. जो रागीट आहे, मनात वैर धरून ठेवतो तो वसल. जो प्राण्यांना निर्दयपणे मारतो, जो गावे लुटतो, जो दुसऱ्याचे चोरतो तो वसल. जो कर्ज घेतो आणि मागायला गेल्यावर "मी तुझे काही देणे लागत नाही" म्हणतो तो वसल. जो पैशासाठी खोटी साक्ष देतो तो वसल. ऐपत असून जो म्हाताऱ्या आईबापांना पोसत नाही तो वसल. आई, बाप, भाऊ, बहीण, सासू यांच्यावर जो हात उगारतो किंवा त्यांना टाकून बोलतो तो वसल. जो स्वतःची थोरवी गातो आणि दुसऱ्याला तुच्छ लेखतो तोही वसल. यादीच्या शेवटी निष्कर्ष येतो : वसल काय आणि ब्राह्मण काय, कोणीही जन्माने तसा होत नाही, कर्माने होतो. पुरावा म्हणून तथागत चांडाळकुळात जन्मलेल्या मातंगाचे उदाहरण देतात. त्याची कीर्ती एवढी झाली की क्षत्रिय आणि ब्राह्मण त्याच्या सेवेला येत. सुत्त संपते तेव्हा तो अग्निपूजक तथागतांना शरण गेलेला असतो.

यादीत एक मौज आहे. दारात उभ्या असलेल्या माणसाला तुच्छ लेखणारा मनुष्य त्या यादीप्रमाणे कोण ठरतो? तथागत ते बोलून दाखवत नाहीत. ऐकणाऱ्याला ते कळते.

पण बंधू-भगिनींनो, यादी दुधारी आहे. नवे माप एकदा हाती घेतले की ते आपल्यालाही लावावे लागते. जन्माचे माप टाकल्याने आपण आपोआप श्रेष्ठ होत नाही. आपण फक्त मोजले जाण्यास पात्र होतो. माणूस म्हणून आपली वाढ होते ती येथे सुरू होते. ती कशी, हे सांगण्यापूर्वी अपमान गिळण्याच्या एका जुन्या रीतीबद्दल बोलले पाहिजे, कारण ती दीक्षेनंतरही घरात राहून जाते.

"मागल्या जन्मीचे भोग आहेत, दुसरे काय!" हे वाक्य आपल्या आयाबायांच्या ओठांवर इतके बसले आहे की देव्हारा उठला तरी ते उठत नाही. काही जण तर आता "बौद्ध धम्मातही कर्म सांगितलेच आहे" असा त्याला नवा आधार देतात. अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात तित्थायतनसुत्त आहे, ते अशांनी अवश्य पाहावे. माणसाला जे जे सुखदुःख होते ते सर्व पूर्वकर्मामुळे होते, असे एक मत; सर्व ईश्वराने केले म्हणून होते, हे दुसरे; काहीच कारण नसताना होते, हे तिसरे. ही तिन्ही मते तथागतांनी नाकारली आणि नाकारण्याचे कारणही दिले. असे मानणाऱ्याला हे करावे आणि हे करू नये असे काही उरत नाही, प्रयत्नाला जागाच राहत नाही. गावच्या पाणवठ्यावर तुम्हाला अडवले, तर ते अडवणाऱ्याच्या आजच्या कर्मामुळे होय, तुमच्या मागल्या जन्मामुळे नव्हे. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धान्त बुद्धाचा नव्हे, अशीच मांडणी केली आहे.

येथे दुसऱ्या एका सुत्ताचा उल्लेख करते, कारण त्याचा अर्थ पुष्कळदा उलटा लावला जातो. राजगृहात वेळुवनात एक संतापलेला ब्राह्मण येऊन भगवंतांना शिव्या देतो. भगवान त्याला विचारतात, तुझ्याकडे पाहुणे येतात, तू त्यांना जेवण वाढतोस, त्यांनी ते घेतले नाही तर ते कोणाचे? माझेच, असे तो म्हणतो. तसेच तुझ्या शिव्या मी घेतल्या नाहीत, त्या तुझ्याच राहिल्या, असे भगवान म्हणतात. दृष्टान्त सुंदर आहे. पण काही वक्ते त्यावरून सांगतात की बौद्धाने सर्व सोसावे. सुत्तात तसे नाही. शिवी न घेणे म्हणजे ती मनाच्या आत येऊ न देणे. रस्ता, पाणी, मजुरी, शाळेतली जागा या शिव्या नव्हेत. ते आपले हक्क आहेत. शिवी परत करता येते. तळ्याचे पाणी परत करून चालत नाही.

तळे म्हटले की महाड आलेच. महाडची गोष्ट तुम्ही जयंतीच्या भाषणांतून ऐकली आहे. मी ती वसलसुत्ताच्या जोडीला ठेवून पुन्हा पाहा असे सांगणार आहे.

मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क मिळाला, पण ओंजळ पाण्याला लागली नाही. २० मार्च १९२७ रोजी परिषदेला जमलेले हजारो लोक मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि बाबासाहेबांनी ते पाणी प्यायले. नंतर आपले लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली आणि शिदोरी सोडून जेवायला बसलेल्या, परतीच्या वाटेला लागलेल्या माणसांवर लाठ्यांचे हल्ले झाले. आपल्यात पलटणीतून आलेले पेन्शनर होते. हात उगारायला ते घाबरणारे नव्हते. त्यांनी वाट पाहिली ती बाबासाहेबांच्या एका शब्दाची. तो शब्द आला नाही. शांत राहा, असाच निरोप आला. मग सवर्णांनी पंचगव्याचे घडे ओतून तळे 'शुद्ध' केले, आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला.

'शुद्ध' केले, हा शब्द पुन्हा वाचा. गुरेढोरे त्या तळ्यावर पाणी पीत होती. ते पाणी माणसाच्या ओंजळीने बाटले. अग्गिक भारद्वाजाच्या अंगणात जे घडले तेच अडीच हजार वर्षांनी महाडला घडले.

बाबासाहेबांचे उत्तरही त्याच जातीचे होते. (हा शब्द येथे वापरायला हरकत नसावी.) आम्ही मूळचे उच्च कुळातले, म्हणून पाणी द्या, असे ते म्हणाले नाहीत. हे पाणी न प्यायल्याने आम्ही मेलो नव्हतो. इतरांसारखी आम्हीही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी तळ्यावर जायचे आहे, अशा आशयाचे त्यांचे डिसेंबरच्या परिषदेतील भाषण आहे. २५ डिसेंबर १९२७ च्या रात्री त्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली. पोथी जाळली म्हणजे मापच जाळले. ते जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते आणि परिषदेच्या मंडपासाठी जागा देणारे फत्तेखान मुसलमान होते, हे मुलांना आवर्जून सांगा. नाहीतर मुलांना वाटते की लढाई माणसांशी होती.

त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. ज्या नेसणीवरून, ज्या दागिन्यांवरून तुमची जात दुरून ओळखू येते ती नेसण आणि ते दागिने टाका, लुगडे घोट्यापर्यंत नेसा, मुलींना शिकवा, असे त्यांनी सांगितले. बायकांनी ते लगेच अमलात आणले. यात वरच्या जातीची नक्कल होती असे कोणी म्हणतात. मला तसे वाटत नाही. गुडघ्यापर्यंत लुगडे नेसण्याची सक्ती दुसऱ्याने केली होती. ती झुगारणे म्हणजे नक्कल नव्हे. आपल्या अंगावर काय असावे हे आपण ठरवायचे, एवढाच त्याचा अर्थ.

तळ्याचा दावा मात्र चालूच राहिला. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादि काळापासून चालत आली आहे, असा वादींचा दावा होता. अनादि रूढी सिद्ध झाली नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला तो आपल्या बाजूने. एका ओंजळीसाठी दहा वर्षे. या दहा वर्षांत बाबासाहेबांनी नुसती वाट पाहिली काय? काळाराम मंदिराचा सत्याग्रह, गोलमेज परिषदा, पुणे करार, येवल्याची घोषणा हे सर्व त्याच दशकातले. ३१ मे १९३६ रोजी मुंबईच्या परिषदेत त्यांनी सामर्थ्याचे तीन प्रकार सांगितले : मनुष्यबळ, द्रव्यबळ आणि मानसिक बळ. मला तर तिसऱ्यावरच सर्व भिस्त दिसते. अपमान गिळता गिळता जे आधी मरते ते तेच असते.

आता नाव लपवण्याबद्दल दोन शब्द, कारण शहरात राहायला गेलेल्या कुटुंबांचा हा नाजूक भाग आहे.

मला नोकरी लागली तेव्हा तालुक्याच्या गावी खोली शोधत होते. एका घरी सर्व ठरले, भाडे ठरले, पाण्याच्या वेळा सांगून झाल्या. मग बाईंनी आडनाव विचारले. मी सांगितले. आडनावावरून त्यांना नीट बोध होईना, म्हणून त्यांनी "म्हणजे तुम्ही कोण?" असे विचारले. मी "बौद्ध" म्हणाले. दुसऱ्या दिवशी खोली पुतण्याला दिल्याचे कळले. पुढे जवळजवळ वर्षभर मी माझ्या गावाहून एस.टी.ने ये-जा केली. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. त्या एस.टी.तल्या जाण्यायेण्यात माझे एम.ए.चे बरेचसे वाचन झाले. गावात सहज खपेल असे आडनाव सांगून राहणारे लोक मला ठाऊक आहेत, आणि त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. लेकरे घेऊन रस्त्यावर उभे राहणे सोपे नसते.

खुद्द बाबासाहेबांवर हा प्रसंग आला होता, आणि त्यांनी तो स्वतः लिहून ठेवला आहे. १९१७ साली परदेशात शिकून ते बडोदा संस्थानाच्या नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा कोणी देईना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत, तेथील रखवालदाराच्या संमतीने, वहीत पारशी नाव लिहून ते राहिले. अकराव्या दिवशी सकाळी लाठ्या घेतलेले लोक दारात आले. सामान बाहेर काढावे लागले. हिंदू मित्राकडे अडचण, ख्रिस्ती मित्राकडेही अडचण. काही तास ते कमाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. त्या प्रसंगी डोळ्यांत पाणी आले, हेही त्यांनी लपवले नाही.

हे वाचून मुलांना पुढचा भाग जरूर सांगा. १९१८ साली ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. तेथेही पाण्याच्या भांड्यावरून कुरबूर झाली. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी 'मूकनायक' काढले. त्याच वर्षी अपुरा राहिलेला अभ्यास पूर्ण करण्यास ते लंडनला गेले आणि १९२३ पर्यंत एम.एस्सी., डी.एस्सी. व बॅरिस्टरी त्यांनी मिळवली. बागेतल्या त्या तासांनंतर त्यांनी तीन गोष्टी केल्या : अभ्यास पुरा केला, आपल्या लोकांसाठी वृत्तपत्र काढले आणि पुढे संघटना उभारली. पारशी नाव मात्र अकरा दिवसांपलीकडे टिकले नाही.

आता सर्वांत कडू भाग. तो मी टाळणार नाही, कारण वसलसुत्ताची यादी तो टाळू देत नाही.

अपमान झालेला माणूस तो अपमान कोठे घेऊन जातो? बहुधा घरी. चौकात "हो मालक" म्हणून आलेला बाप संध्याकाळी थाळी भिरकावतो. बायकोवर हात टाकतो. म्हाताऱ्या आईला "तुला काय कळते" म्हणतो. माझ्या वर्गात येणाऱ्या मुलांच्या वह्यांपेक्षा त्यांच्या चेहऱ्यांवरून मला घरची रात्र आधी कळते. बाहेरचा अन्याय खरा आहे, हे मान्य. पण यादीत आई, बाप, बहीण, भाऊ, सासू यांच्यावर हात उगारणाऱ्याला कोणतीही सवलत ठेवलेली नाही. "दिवसभर त्याचा अपमान झाला असल्यास वसल समजू नये," असे तेथे लिहिलेले नाही. आणि बायकोचे नाव त्या ओळीत नाही म्हणून कोणी पळवाट काढील, तर त्याने पंचशील कशासाठी घेतले हे आधी सांगावे.

दुसरी वाट आपल्याहून खाली मानलेल्यांकडे जाते. आपल्या वस्तीत नव्याने दीक्षा घेतलेले मातंग कुटुंब, भटके कुटुंब आले की "हे आपले, पण..." असे एक वाक्य सुरू होते. त्या "पण"च्या पुढे जे येते ते जुनेच माप असते. सोयरिकीच्या वेळी ते फार स्पष्ट दिसते. विहारात एकत्र वंदना म्हणतात आणि लग्न ठरवताना पोटजात विचारतात. आपण अग्गिक भारद्वाजाच्या अंगणातून बाहेर आलो खरे, पण त्याचा एखादा दगड उचलून आपल्या अंगणात आणून लावला.

आता अपमान प्रत्यक्ष झाला तर काय करावे, याचे थोडे व्यावहारिक बोलू. भारतीय संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने, लोकांच्या देखत जातीवाचक शिवी देणे किंवा हेतुपुरस्सर अपमान करणे हा गुन्हा ठरवला आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, तेव्हा "तुम्ही बौद्ध झालात, आता तुम्हाला हा कायदा नाही" असे कोणी म्हटले तर ऐकू नका. तक्रार तोंडी सांगितली तर पोलीस अधिकाऱ्याने ती लिहून घ्यावी, सही घेण्यापूर्वी वाचून दाखवावी आणि तिची प्रत द्यावी, असे त्या कायद्यातच आहे. सही करण्यापूर्वी ती वाचून घेण्याचा आग्रह धरा. घरी येताच तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, कोण हजर होते, हे वहीत लिहा. राग ताजा असतो तेव्हा शब्द वाढतात, म्हणून जे घडले तेवढेच लिहा. एकही शब्द अधिक नको. खोटी साक्ष देणाराही त्या यादीत आहे, आणि एका वाढवलेल्या शब्दाने दहा खऱ्या शब्दांवरचा विश्वास जातो. एकट्याने ठाण्यात जाऊ नका. विहारातली दोन माणसे आणि शिकलेले एखादे पोर बरोबर न्या.

प्रत्येक वेळी ठाण्यात जायचे असे नाही. पुष्कळ वेळा तथागतांचा प्रश्नच पुरतो. कोणी टाकून बोलला तर आवाज न चढवता "तुम्ही हा शब्द कोणत्या अर्थाने वापरला?" असे विचारून पाहा. उत्तर देताना माणूस चाचरतो. शाळेत मुलाला कोणी चिडवले तर त्याला मारामारी शिकवू नका आणि मान खाली घालायलाही शिकवू नका. हा प्रश्न शिकवा. लहान मुलांना तो चटकन जमतो, मोठ्यांना वेळ लागतो.

येत्या रविवारी विहारात, किंवा विहार नसेल तर घरी ओसरीवर, वसलसुत्त वाचावे. घरात वाचता येणारे जे सर्वांत लहान मूल असेल त्याच्याकडून वाचून घ्यावे, आणि म्हाताऱ्या माणसांनी मध्येच थांबवून अर्थ विचारावा. यादीतले प्रत्येक लक्षण वाचल्यावर क्षणभर थांबा. कोणाचे नाव मनात येते ते पाहा, पण मोठ्याने बोलू नका, नाहीतर वाचन राहील बाजूला आणि भांडण सुरू होईल. लेकरे विचारतील, अग्गिक भारद्वाज शेवटी सुधारला, मग आपल्या गावातला पाटील सुधारेल का? त्यांना सांगा की श्रावस्तीचा ब्राह्मण एका सकाळी बदलला आणि महाडचा दावा दहा वर्षे चालला.

पुढील पाठ अस्सलायनसुत्तावर असेल. चातुर्वर्ण्यावर तथागतांशी वाद घालायला एका सोळा वर्षांच्या हुशार ब्राह्मण तरुणाला त्याच्या वडीलधाऱ्यांनी पाठवले होते, त्याची ती हकीकत आहे. मुलांनी ती आधी वाचून यावी.